जुन्या संगणकावरील प्लगिनची लायसन्स नव्यावर नेताना : मालवण तालुक्यातील एका स्टुडिओचे प्रकरण

परिस्थिती

हे प्रकरण मालवण तालुक्यातील एका लहान ध्वनिमुद्रण स्टुडिओचे आहे. राहत्या घराच्या मागच्या बाजूला चिऱ्यांच्या भिंती घालून बांधलेली एक खोली, तिला आतून बसवलेल्या ध्वनिशोषक फळ्या आणि काचेपलीकडे संगणक व स्पीकर, एवढाच त्याचा पसारा. वर्षभर तिथे शाळांची समूहगीते, दुकानांच्या जाहिराती असे किरकोळ काम चालते; पण आषाढ लागला की भजनी मंडळांची वर्दळ सुरू होते, कारण डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, उभ्या राहणाऱ्या बुवांना आपले नवे गजर आणि गौळणी चतुर्थीच्या आत लोकांच्या मोबाइलवर पोचलेल्या हव्या असतात. स्टुडिओची वर्षाची निम्मी मिळकत या आठ-नऊ आठवड्यांत होते. पावसाचा जोरही नेमका याच आठवड्यांत असतो.

कामाचा संगणक ९ वर्षांचा होता. श्रावणात एका रात्री वीज चार-पाच वेळा गेली आणि आली, त्यानंतर सकाळी तो सुरूच होईना. बटण दाबल्यावर पंखा फिरे, पडदा मात्र काळाच राही. चतुर्थीला १९ दिवस उरले होते आणि एका मंडळाची सहा भजने अर्धवट मिक्सिंग झालेल्या अवस्थेत आत अडकली होती. स्टुडिओचालकांनी वेळ न घालवता कोल्हापुरातून नवा संगणक आणला, जुन्यातील एसएसडी (साठवणीची डिस्क) काढून यूएसबीच्या डबीत बसवली, प्लगिनचा, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडून आवाज घडवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरांचा, फोल्डर जसाच्या तसा नव्या संगणकावर उतरवला आणि रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये भजनांचा प्रोजेक्ट उघडला. एकूण ३१ प्लगिनपैकी ५ चालली. काहींनी ॲक्टिव्हेशनची (लायसन्स सुरू करण्याची) खिडकी दाखवली, एक दर थोड्या वेळाने मध्येच खरखर ऐकवू लागले आणि उरलेली सापडतच नाहीत असे सॉफ्टवेअरने कळवले. त्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावले. मी या भागात संगणक आणि ध्वनियंत्रणा दुरुस्तीचे काम करतो.

फाइल आली की प्लगिन आले, ही समजूत चुकीची असली तरी स्वाभाविक आहे, कारण गाण्याची फाइल, फोटो, हिशेबाचा तक्ता हे सारे नकलेने जाते. लायसन्स घेतलेल्या प्लगिनचे तसे नसते. बहुतेक कंपन्यांचे सॉफ्टवेअर पहिल्या ॲक्टिव्हेशनच्या वेळी संगणकाचा एक प्रकारचा अंगठा घेते. मदरबोर्डचा क्रमांक, डिस्कचा क्रमांक, नेटवर्क कार्डाचा पत्ता, विंडोजची स्वतःची ओळख अशा गोष्टींपैकी काही एकत्र करून एक खूण तयार होते आणि ती कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या खात्यापुढे लिहिली जाते. वापरण्याची परवानगी असते ती त्या नोंदीत. डिस्कवर असते ती केवळ तिची पावती, आणि दुसऱ्या संगणकावर ती पावती दाखवली तर अंगठा जुळत नाही म्हणून प्लगिन उघडत नाही. त्यामुळे लायसन्स हलवण्याचे काम खऱ्या अर्थाने जुन्या संगणकावर सुरू होते, आणि तिथेच हे प्रकरण अवघड झाले होते.

मी पोचलो तेव्हा पुढचा बेत ठरलेला होता : जुनी एसएसडी नव्या संगणकात बसवायची आणि त्याच विंडोजवरून तो चालू करायचा. तो बेत मी थांबवला. डिस्क जुनी असली तरी मदरबोर्ड आणि नेटवर्क कार्ड नवे असते. अशा स्थितीत लायसन्सची सॉफ्टवेअरे उघडली तर त्यांच्या लेखी तो तिसराच संगणक ठरतो, आणि काही सॉफ्टवेअरे त्या क्षणी आपल्याकडील जुनी पावती रद्द समजून बाजूला टाकतात. मग जुना संगणक उद्या जिवंत झाला तरी त्यावरून परत करण्यासारखे काही उरत नाही.

जुना संगणक जागा करणे

यासाठी पूर्ण एक दिवस गेला आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणात तोच दिवस सर्वांत मोलाचा होता. समुद्र त्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. खारी दमट हवा संगणकाच्या पेटीत वर्षानुवर्षे खेळत राहते; स्क्रू तांबूस होतात, जोडांवर हिरवट-काळपट थर चढतो, धूळ ओलसर होऊन चिकटून बसते. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) तपासला तर तो ताण येताच कोसळत होता, म्हणून तो बदलला. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे संपर्क मऊ खोडरबराने हलकेच पुसले, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केले, खाचांमध्ये मऊ कुंचला फिरवला आणि सारे सुकू दिले. जुनी एसएसडी तिच्या मूळ जागी परत बसवली.

दुरुस्तीत एक पथ्य मी कटाक्षाने पाळले. मदरबोर्ड, डिस्क आणि नेटवर्क कार्ड यांना हात लावला तो फक्त साफसफाईपुरता. विंडोज नव्याने टाकण्याचा मोह प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याला होतो, पण इथे ते केले असते तर अंगठाच पुसला गेला असता. एसएमपीएस आणि पंखा बदलल्याने खूण बदलत नाही, आणि रॅमचीही फक्त सफाईच झाली होती.

संध्याकाळी पडदा उजळला. इंटरनेट जोडले, आणि एकही लायसन्सचे सॉफ्टवेअर खात्यात शिरेना. ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला असुरक्षित म्हणू लागला. अर्धा तास आम्ही राउटरला दोष देत होतो. कारण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दिसत होते : तारीख कित्येक वर्षे मागची होती. मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सेल, सीआर २०३२, संपला होता, आणि वीज पूर्ण तुटताच घड्याळ मूळपदावर गेले होते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात. संगणकाच्या घड्याळाच्या हिशेबाने त्या मुदती अजून सुरूच झालेल्या नव्हत्या. नवा सेल घातला, तारीख व वेळ लावली आणि दारे उघडली. जुना संगणक बराच काळ बंद राहिला असेल तर लायसन्सला हात लावण्याआधी घड्याळ पाहावे, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

वहीतील नोंदी

त्यानंतर लगेच काहीही डीॲक्टिव्हेट केले नाही, म्हणजे एकही लायसन्स सोडवले नाही. आधी एक शंभरपानी वही घेतली आणि प्रत्येक प्लगिनसाठी एक ओळ लिहिली : कंपनी, आवृत्ती, कोणत्या ईमेलवर खाते आहे, बिलाचा क्रमांक, लायसन्स कुठे बसले आहे. या शेवटच्या रकान्यावरच पुढचे सारे अवलंबून होते.

सर्वांत सोपी होती ती चावीच्या मजकुरावर चालणारी प्लगिन. फॅबफिल्टर कंपनीची चावी म्हणजे अक्षरांचा एक तुकडा असतो. ईमेलमधून उचलून नव्या संगणकावर चिकटवला की झाले. वल्हाला डीएसपी या कंपनीची चावी लहानशा फाइलच्या रूपात येते. इथे जुन्या संगणकाकडे परवानगी मागावी लागत नाही. खात्यावर चालणाऱ्या आणि संगणकांची संख्या ठरवून देणाऱ्या कंपन्यांचा गट दुसरा. स्टाइनबर्ग कंपनीने २०२२ साली आपल्या क्युबेस या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला १२ व्या आवृत्तीपासून ही पद्धत लावली आणि एका लायसन्सवर तीन संगणकांची मुभा दिली. त्याआधी क्युबेसच्या मोठ्या आवृत्त्यांचे लायसन्स यूएसबी डोंगलवर (चावीसारख्या छोट्या उपकरणावर) असे. त्या जुन्या ई-लायसेन्सर पद्धतीची सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली. कंपनी आपली पद्धत बदलते तेव्हा हलवण्याची मुदत ती ठरवते, आपण नव्हे, म्हणून वहीत असे बदलही टिपावे लागतात.

तिसरा गट आयलॉकचा. पेस कंपनीच्या या पद्धतीत लायसन्स तीन ठिकाणी राहू शकते : आयलॉकच्या यूएसबी चावीवर, थेट संगणकावर किंवा क्लाउडवर, अर्थात संबंधित प्लगिनच्या कंपनीने जिथे परवानगी दिली असेल तिथेच. चावीवर असेल तर जुन्यातून काढून नव्यात लावायची, नव्यावर त्यांचा लायसन्स मॅनेजर टाकायचा, एवढेच काम. संगणकावर असेल तर तिथूनच डीॲक्टिव्हेट करावे लागते. क्लाउड सोयीचा वाटतो, पण काम चालू असताना इंटरनेट अखंड लागते, आणि श्रावणात आमच्याकडे ते गृहीत धरता येत नाही. बुवा काचेपलीकडे आलाप घेत असताना प्लगिन बंद पडणे कुणालाच परवडणार नाही. किनाऱ्यावरील स्टुडिओने यूएसबी चावीच घ्यावी असे माझे ठाम मत आहे. खाऱ्या हवेत तिचा जोड गंजण्याचा धोका खरा आहे, पण काम नसताना ती सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवता येते, आणि चावी तुटली किंवा हरवली तर मधल्या काळासाठी तात्पुरती लायसन्स देणारे संरक्षण पेस कंपनी वेगळे पैसे घेऊन देते.

वेव्ह्ज कंपनीची लायसन्स त्यांच्या वेव्ह्ज सेंट्रल या सॉफ्टवेअरमधून संगणकावर किंवा साध्या पेनड्राइव्हवर ठेवता येतात आणि तिथून क्लाउडकडे परत पाठवता येतात. आमच्या कामात हा क्लाउड केवळ साठवणीचा होता. संगणक कायमचा गेला तर वर्षातून एकदा लायसन्स परत मिळवण्याची सोय ते देतात. ती सोय आम्हाला वापरावी लागली नाही, आणि वापरावी लागू नये यासाठीच जुना संगणक जागा करण्याचा खटाटोप होता.

आधी आवाज, मग लायसन्स

लायसन्स काढले की त्याच क्षणी जुन्या संगणकावरील प्लगिन मुके होते. म्हणून सहा भजनांचे प्रत्येक ट्रॅक आधी प्रक्रियेसह वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये उतरवले : बुवांचा आवाज, कोरस, हार्मोनियम, पखवाज, झांज, चकी, सारे सुरुवातीच्या शून्य सेकंदापासून एकाच लांबीचे, म्हणजे दुसरीकडे एकाखाली एक ठेवले तरी जुळतील. याच ट्रॅकचे कोरे, प्रक्रिया न केलेले रूपही वेगळ्या फोल्डरमध्ये घेतले. या दोन फोल्डरांनंतर स्टुडिओचालकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, कारण आता एकही लायसन्स हलले नसते तरी मंडळाचे काम वेळेत देता आले असते. मग प्रत्येक प्लगिनची मांडणी प्रीसेट म्हणून साठवली, आणि महत्त्वाच्या प्लगिनच्या पडद्याचे मोबाइलवर फोटोही घेतले. फोटो घेताना ते म्हणाले, "प्रीसेट ठेवलाय, मग फोटो कशाला?" त्याचे उत्तर पुढे मिळाले.

यानंतर एका वेळी एक कंपनी, असा क्रम ठेवला. जुन्यावर डीॲक्टिव्हेट, खात्यात नोंद मोकळी झाल्याची खात्री, नव्यावर ॲक्टिव्हेट, प्लगिन उघडून आवाज ऐकणे, वहीत खूण; मगच पुढची कंपनी. वीज केव्हाही जाईल अशा दिवसांत सगळी लायसन्स एकदम काढून अधांतरी ठेवणे मला पटत नाही.

दोन ठिकाणी काम अडले. एका कंपनीच्या खात्यात दोन संगणकांची मर्यादा होती आणि दोन्ही जागा भरलेल्या दिसत होत्या. स्टुडिओत तर संगणक एकच होता. दोन वर्षांपूर्वी जुनी हार्ड डिस्क जाऊन एसएसडी बसली व विंडोज नव्याने टाकले गेले, तेव्हा कंपनीच्या नोंदीत तोच संगणक दुसरा म्हणून लागला होता आणि पहिली जागा कुणीच सोडली नव्हती. एसएसडीवरील लायसन्स रीतसर सोडवून एक जागा मिळाली, पण त्याच खात्यावरील आणखी दोन प्लगिन त्या जुन्या डिस्कच्याच नावावर राहिली होती. ती सोडवायला कंपनीला पत्र लिहिणे हाच मार्ग होता. अशा पत्रात खात्याचा ईमेल, बिलाचा क्रमांक, प्लगिनची नावे, जुन्या संगणकाचे नोंदीतील नाव आणि डिस्क निकामी झाल्याचा महिना एवढे पहिल्याच वेळी लिहिले की उलटसुलट विचारपूस टळते. आम्ही तसे लिहिले आणि थांबलो.

दुसरे अडणे माणसांशी निगडित होते. तीन महागडी प्लगिन स्टुडिओचालकांच्या पुतण्याच्या ईमेलवर निघाली. तो डोंबिवलीला नोकरीला असतो. कॉलेजात असताना त्याने काकांना ती घेऊन दिली आणि खाते स्वतःच्या तेव्हाच्या ईमेलवर उघडले. तो ईमेल त्याने वर्षानुवर्षे पाहिला नव्हता आणि पडताळणीचा मोबाइल क्रमांकही सोडून दिला होता. "काका, जुना फोन कपाटात असेल, त्यात तो ईमेल अजून चालू असू शकतो," असे तो म्हणाला, आणि सुदैवाने तसेच झाले. त्याने खात्यात शिरून ईमेल बदलून काकांचा घातला. इथे लायसन्स दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात हस्तांतरित करण्याचा पर्यायही होता; पण काही कंपन्या त्याचे शुल्क घेतात, काही ठरावीक प्रकारची लायसन्स हस्तांतरित करूच देत नाहीत. खात्यात दुसऱ्या कुणाचे काही नसेल तर ईमेल बदलणे सरळ. बिलावर पैसे देणारे म्हणून काकांचेच नाव होते, त्यामुळे यात काही वावगे नव्हते.

३१ पैकी दोन प्लगिनचे बिल मिळाले नाही, खाते मिळाले नाही, चावीही मिळाली नाही. ती कुणीतरी पूर्वी बसवून दिलेली, तोडलेल्या कुलपाची होती. मी ती नव्या संगणकावर घेतली नाही आणि तसे स्पष्ट सांगितले. स्टुडिओचालकांना ते लागले, कारण त्यांना खरोखर कल्पना नव्हती. ज्यांची स्वतःची मिळकत ध्वनिमुद्रणावर आहे आणि आपल्या मंडळाची भजने कुणी न विचारता उचलली की ज्यांना दुःख होते, त्यांच्याशी ही गोष्ट आडपडदा न ठेवता बोलावी असे मला वाटते. त्या दोहोंचे काम रीपरबरोबर येणाऱ्या इक्वलायझर आणि कॉम्प्रेसरने भागले.

नव्या संगणकावर

पहिल्या दिवशी फोल्डरची नक्कल करूनही निम्मी प्लगिन सापडली नव्हती, याचे कारण आता उलगडले. व्हीएसटी हा प्लगिनचा एक प्रचलित साचा, आणि त्याच्या तिसऱ्या पिढीच्या म्हणजे व्हीएसटी ३ प्लगिनसाठी विंडोजमध्ये ठरलेली जागा आहे : सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, त्यात कॉमन फाइल्स, त्यात व्हीएसटी ३. त्याआधीच्या व्हीएसटी २ ला अशी एक सक्तीची जागा नव्हती. प्रत्येक इन्स्टॉलर आपापल्या मर्जीने फोल्डर निवडत असे, म्हणून जुन्या संगणकावर ती चार ठिकाणी विखुरलेली होती. शिवाय प्लगिनची फाइल आली तरी तिचे प्रीसेट, विंडोजच्या रजिस्ट्रीतील (सेटिंगांच्या साठ्यातील) नोंदी आणि पार्श्वभूमीला चालणारी लायसन्सची सेवा येत नाही. त्यामुळे नकलेने आणलेले सर्व काढून टाकले आणि प्रत्येक प्लगिन कंपनीच्या इन्स्टॉलरने नव्याने बसवले.

अपवाद केला तो वाद्यांच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांच्या मोठ्या संग्रहांचा. तानपुऱ्याचा आणि तबल्याचा असे दोन संग्रह मिळून ६० जीबींच्या वर होते, आणि पावसाळ्यात इथल्या जोडणीवर ते उतरवायला कित्येक रात्री गेल्या असत्या. असा संग्रह बाहेरच्या डिस्कवरून नकलेने आणता येतो, कारण कुलूप त्या ध्वनींच्या फाइलींना नसून ते वाद्य वाजवणाऱ्या प्लगिनच्या लायसन्सला असते. नव्या संगणकावर खात्यात शिरून संग्रहाची नवी जागा दाखवली की पुरे.

प्रोजेक्ट रीपरमध्ये होते हे आमचे भाग्य. रीपरची प्रोजेक्ट फाइल साधा मजकूर असते आणि प्लगिन सापडले नाही तरी त्याची मांडणी तीत जपलेली राहते. तेच प्लगिन पुढे बसवले की ट्रॅक पूर्ववत उघडतो. जुने ३२ बिटचे एक रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारे) प्लगिनही रीपरमधील ब्रिजमुळे, म्हणजे अशी जुनी प्लगिन चालवून घेणाऱ्या सोयीमुळे, चालले.

सगळे बसल्यावर प्रश्न उरला तो आवाज तोच आहे का हा. जुन्या संगणकावरून उतरवलेला ट्रॅक आणि नव्यावर तयार झालेला तोच ट्रॅक एकाखाली एक ठेवले, एकाची फेज उलटवली, म्हणजे त्याची ध्वनिलहर उलटी केली, आणि दोन्ही एकत्र वाजवले. हुबेहूब असतील तर परस्परांना खोडून शांतता उरते. पखवाज, हार्मोनियम, कोरस यांत शांतता मिळाली. रिव्हर्ब लावलेल्या ट्रॅकमध्ये बारीक अवशेष ऐकू आला. काही रिव्हर्बच्या आत सतत हलणारी यादृच्छिक क्रिया असते, त्यामुळे तो एकाच संगणकावर दोनदा उतरवला तरी तंतोतंत जुळत नाही, आणि मी तो अवशेष त्याच कारणावर ढकलला.

दुसऱ्या दिवशी बुवा स्वतः आले. तिसऱ्या भजनाचा गजर चढत असताना त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "झांजेचो आवाज मागे रवता. आधी असो नव्हतो." त्यांचे खरे होते. झांजेवरचे रिव्हर्ब जुन्यावर व्हीएसटी २ रूपात होते. नव्या इन्स्टॉलरने फक्त व्हीएसटी ३ बसवले. दोघांची ओळख वेगळी असल्यामुळे जुनी मांडणी आणि जुना प्रीसेट दोन्ही त्याने स्वीकारले नाहीत, म्हणून आदल्या रात्री मी ते प्लगिन हाताने लावले होते आणि ते स्वतःच्या मूळ मांडणीने, जुन्यापेक्षा लांब शेपटासह उघडले होते. प्रीसेट निरुपयोगी ठरला, मोबाइलवरचा फोटो कामी आला. त्यातील आकडे एकेक करून भरले, गजर पुन्हा लावला आणि बुवांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला.

सहाही भजने चतुर्थीच्या आठ दिवस आधी मंडळाच्या हाती गेली. अडकलेल्या दोन प्लगिनच्या पत्राला पहिले उत्तर आपोआप पाठवलेले आले, दुसऱ्यात आम्ही आधीच दिलेला बिलाचा क्रमांक पुन्हा विचारला होता, आणि प्रत्यक्ष जागा मोकळी झाली ती गौरी जेवून गेल्यानंतर. तोवर त्यांच्यावाचून काम झाले होते. वहीतल्या त्या दोन ओळींपुढे तारीख घातली.

ती वही आता रॅकच्या कप्प्यात, आयलॉकच्या डब्याशेजारी असते. पहिल्या पानावर स्टुडिओचालकांनी दरवर्षीच्या मे महिन्याची कामे लिहिली आहेत : घराची शाकारणी, पडवीला झडपा, इन्व्हर्टरच्या बॅटरीचे पाणी, आणि त्याखाली लायसन्सची पडताळणी, जुन्या यंत्रांच्या नोंदी मोकळ्या करणे व संगणकाच्या घड्याळाचा सेल.